काढलेलं सामान मी मागून घेतलं नाही

परभणीतलं आमचं घर १९८७ सालचं. मामंजींनी तळमजल्यावर बी-बियाण्याचं दुकान काढलं होतं. त्या दुकानाचं दहा फूट रुंद आणि आठ फूट उंच शटर अजून तेच आहे. मामंजी गेल्यावर दुकान बंद झालं आणि त्या खोलीत आमची गाडी आणि माझी स्कूटी राहू लागली. गेल्या हिवाळ्यात या शटरच्या दुरुस्तीत आमचे साडेबारा हजार रुपये गेले. पैशांचं दुःख आहेच, पण खरी भीती वाटावी असं जे झालं ते बावीस दिवसांनी. तेच आधी सांगते.

सकाळचे सात वाजले होते. मी शटर वर केलं आणि स्कूटीचं स्टँड काढत होते. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, शाल पांघरून उंबऱ्याकडे येत होत्या. सकाळचं पहिलं ऊन आमच्या दारात येतं, म्हणून थंडीत त्या रोज तिथं खुर्ची टाकून बसतात. एवढ्यात वर, शटर ज्यावर गुंडाळलं जातं त्या पाईपापाशी काहीतरी ठण्णकन वाजलं आणि अख्खं शटर खाली आलं. स्कूटी मध्ये होती म्हणून ते सीटवर आदळून अडकलं. सीट फाटली, एक आरसा तुटून रस्त्यावर पडला. आत्याबाई दोन पावलं मागं होत्या. त्यांचं वय एक्क्याऐंशी आहे. मी कितीतरी वेळ त्यांचा हात धरून नुसती उभी होते, मला बोलताच येईना.

आता मूळ गोष्ट. डिसेंबरात आमच्याकडे थंडीची लाट आली होती. मराठवाड्यातल्या नीचांकी तापमानाच्या बातमीत परभणीचं नाव दर हिवाळ्यात असतंच. कृषी विद्यापीठात पारा सहा-सात अंशांवर आला की शाळेत मुलं कानटोप्या घालूनच वर्गात बसतात. अशाच एका पहाटे आत्याबाईंना नांदेडला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं आणि शटर हलेना. जोर लावला तर एक बाजू चार बोटं वर आली, दुसरी जागच्या जागी. गाडी आत, आम्ही बाहेर. ह्यांची नोकरी संभाजीनगरला, घरात आम्ही दोघीच. मी फोनवर 'शटर रिपेअर परभणी' असं टाकलं आणि सगळ्यात वर जो नंबर आला तो लावला.

पलीकडच्या मुलीने फार आपुलकीने बोलून पत्ता घेतला. येऊन बघायचे फक्त १९९ रुपये म्हणाली. दुकान कुठं आहे असं मी विचारलं, तर बसस्टँडजवळ, एवढंच उत्तर. पुढे कधीतरी मी जालना, हिंगोली आणि लातूर अशी नावं टाकून शोधलं, तेव्हा तिन्ही ठिकाणी हाच नंबर वर आला.

तासाभरात दोघेजण मोटारसायकलवर आले. मराठी बोलणारे, ताई-ताई करणारे. त्यातल्या एकाने शिडी लावून वरचा पत्रा काढला, टॉर्च मारला आणि खाली उतरून हळहळल्यासारखं तोंड केलं. "ताई, थंडीने लोखंड आकसतं. पाईप वाकायला आलाय. चारही स्प्रिंगा ठिसूळ झाल्यात, एक तर तुटलीच आहे. खालच्या पट्ट्या सडल्यात. आज केलं नाही तर अंगावर पडंल." त्याने तुटलेल्या स्प्रिंगचा तुकडा माझ्या हातात दिला. तुकडा खरा होता, आणि तो खरा होता म्हणून मी बाकीचं सगळं खरं धरलं. चौदा हजार सहाशे सांगितले, साडेबारावर आले. आठ हजार आधी पाठवा, सामान आणायचंय, म्हणाले. मी पाठवले. पैसे एका माणसाच्या खात्यावर गेले, दुकानाच्या नाही, हेही तेव्हा डोळ्यांसमोरच होतं.

दुपारी छोटा टेम्पो घेऊन आले. मी आत्याबाईंचं जेवण, डॉक्टरांची नवी वेळ घेणं, शाळेत रजेचा फोन यात होते. चारला हाक मारली. शटर एका बोटाने वर जात होतं. वर डोकावले तर चारही स्प्रिंगच्या डब्या चकचकीत चंदेरी. खालच्या अकरा पट्ट्या नव्या. जुनं सामान दोन पोत्यांत भरून टेम्पोत चढलंसुद्धा होतं. "भंगार आहे ताई, तुम्हाला कशाला अडगळ?" असं म्हणाला, आणि मी मान हलवली. बिल मागितलं तर व्हॉट्सअ‍ॅपवर येईल म्हणाला. ते आलं नाही. जाताना शटरवर आपल्या नंबरचं पिवळं स्टिकर चिकटवून गेले.

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. उष्णतेने धातू प्रसरण पावतात हा धडा मी दर वर्षी घेते. नंतर एका रात्री कागद घेऊन बसले. पोलाद एका अंशाला लांबीच्या दशलक्षांश बारा भाग इतकं बदलतं. पट्टी तीन मीटरची. परभणीचा भर उन्हाळा पंचेचाळीस अंश धरला आणि कडाक्याची थंडी पाच अंश, तर फरक चाळीसचा. उत्तर येतं जेमतेम दीड मिलिमीटर. शटर दोन्ही बाजूंना ज्या उभ्या खाचेतून सरकतं त्या चॅनलमध्ये पट्टीला याहून किती तरी जास्त मोकळीक असते. एवढ्याने पाईप वाकत नाही. हे गणित त्या सकाळी दोन मिनिटांचं होतं. पण गाडी अडकलेली आणि म्हातारं माणूस बाहेर थंडीत उभं, अशा वेळी कोणी 'अंगावर पडेल' म्हटलं की डोक्यात दुसरं काही शिरत नाही. या लोकांना ती वेळ बरोबर ओळखता येते.

शटर पडल्यावर शेजारच्यांनी मोंढ्यातल्या एका जुन्या मिस्त्रीकाकांना आणलं. साठीचा माणूस, पोतं खांद्यावर. वर चढले, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग पान्याच्या टोकाने एका डबीवर खरवडलं. चंदेरी रंगाखाली तांबडा गंज निघाला. "बाई, ह्याला नवीन कामून म्हणायचं? रंग दिलाय नुसता." चारातली एकच स्प्रिंग बदललेली होती, आणि तीही आधीच्यापेक्षा अरुंद पट्टीची. बाकीच्या तीन मामंजींच्या वेळच्याच.

मग शटर एका बोटाने वर कसं जात होतं? काकांनी मला खालच्या पट्टीवर आणि वरच्या पट्टीवर बोटाने टिचकी मारायला सांगितली. आवाज वेगळा. मी शाळेच्या प्रयोगशाळेतून व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घेण्याचं साधन, आणून जाडी मोजली. वरच्या जुन्या पट्ट्या १.२ मिलिमीटर, खालच्या नव्या ०.७. बाजारात पहिलीला अठरा गेज म्हणतात, दुसरीला बावीस. तेवढीच लांब जुनी पट्टी नवीपेक्षा दीडपटीहून जास्त वजनाची. अकरा पट्ट्यांमागे शटर बारा-तेरा किलोंनी हलकं झालं होतं. त्यात भर म्हणजे जुन्या तीन स्प्रिंगांना जास्तीचा पीळ दिलेला. शटर खाली ओढताना ही पाटा स्प्रिंग डबीत आवळत जाते आणि वर नेताना तोच जोर परत देते, एवढंच तिचं काम. पीळ जास्त दिला की शटर हाताला पिसासारखं लागतं, पण थकलेल्या पोलादावर रोज दोनदा नको तितका ताण येतो. त्यातली एक बावीस दिवस टिकली. बाकीच्यांनी तो भार पेलला नाही आणि शटर आलं खाली.

सडलेल्या पट्ट्या खरं तर किती होत्या? काकांनी उंबऱ्यावरची पावसाच्या पाण्याची खूण बघितली आणि म्हणाले, खालच्या दोन, फार तर तीन. बाकीच्या चांगल्या, जाड पट्ट्या पोत्यातून गेल्या. त्या पुढे कोणाच्या तरी शटरला विकल्या गेल्या असणार. मामंजींनी त्या वेळी उभं राहून, मोजून करून घेतलेलं शटर होतं ते. मला सगळ्यात जास्त हे लागलं.

माझा भाचा अमेरिकेत मिनेसोटात राहतो. तिथं हिवाळ्यात पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत जातो आणि घराच्या गॅरेजला शटरऐवजी आडव्या फळ्यांचा, छताखाली सरकणारा दरवाजा असतो. त्याला फोनवर हे सांगितलं तर म्हणाला, मावशी, तिकडच्या दरवाजांच्या पिळाच्या स्प्रिंगा साधारण दहा हजार वेळा उघडझाप होईपर्यंत चालतील अशा धरलेल्या असतात. दिवसातून चार वेळा दार उघडलं तर सात वर्षं झाली. मग एखाद्या गोठलेल्या पहाटे बंदुकीसारखा बार होतो आणि ती तुटते. थंडी फक्त निमित्त असते, स्प्रिंग आधीच दमलेली असते. एक तुटली की दुसरीही तेवढीच जुनी, म्हणून दोन्ही एकदम बदलतात. दाराखालचं रबर थंडीत कडक होऊन जमिनीला चिकटतं, तेही जुन्या घरांत बदलावं लागतं. आणि तिथंही एक स्प्रिंग तुटली म्हणून आलेला माणूस चाकं, दोऱ्या, मोटर सगळं बदलायला सांगतो, ही तक्रार त्याच्या गल्लीत आहेच. म्हणजे चारही स्प्रिंगा बदला, हे त्या दोघांचं म्हणणं मुळात चूक नव्हतं. बदलल्या असत्या तर मी आज हे लिहिलं नसतं.

आपल्याकडच्या थंडीत पोलाद ठिसूळ होत नाही. होतं काय, तर चॅनलमध्ये वर्षानुवर्षं भरलेलं ग्रीस घट्ट होतं. त्यात आपल्या काळ्या मातीची धूळ बसलेली असते. थंडीत त्याचा अक्षरशः लगदा होतो आणि पट्टी अडकते. मिस्त्रीकाकांनी दोन्ही चॅनल डिझेलच्या फडक्याने पुसून काढले, तेव्हा फडकं तीन वेळा पिळावं लागलं. नंतर शिवणयंत्राला घालतात तसलं पातळ ऑईल लावलं. जाड ग्रीस चॅनलमध्ये कधीच भरायचं नाही म्हणाले, ते धूळ धरून ठेवतं. दिवाळीच्या साफसफाईत हे एकदा केलं की हिवाळा निघतो. त्यांनी तीन जुन्या आणि ती अरुंद अशा चारही स्प्रिंगा काढून माझ्यासमोर नव्या बसवल्या. मजुरीसकट ३,८०० रुपये घेतले आणि कच्च्या का होईना, पण कागदावर सही करून पावती दिली. खालच्या पातळ पट्ट्या सध्या तशाच आहेत, जाड पट्ट्या मिळतील तशा बदलायच्या आहेत. पट्टीचं वजन बदललं की स्प्रिंगचा पीळही पुन्हा जुळवावा लागतो, हे त्यांनी आताच बजावून ठेवलंय.

शटर नीट जुळलंय का हे बघायला त्यांनी ते कमरेइतकं वर नेलं, बाजूला उभे राहिले आणि हात काढला. ते जवळपास तिथंच थांबलं. आपोआप वर पळालं तर पीळ जास्त, दाणकन खाली आलं तर कमी. बसवणाऱ्याला हे करून दाखवायला जरूर सांगा, पण खाली कोणी उभं नको. आणि डबीला किंवा पाईपाच्या बोल्टला घरच्या माणसाने पाना लावू नये. आवळलेली स्प्रिंग सुटली तर हाताची बोटं जातात.

ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर मी तक्रार नोंदवली. तिथं मराठीत बोलता येतं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, मग बिल विचारलं, दुकानाचा पत्ता विचारला, बदललेल्या भागांचा पुरावा विचारला. माझ्याकडे खात्यावर आठ हजार पाठवल्याची नोंद होती, बाकी साडेचार हजार रोख दिलेले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे आणि जिल्हा आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, हे मला नंतर कळलं. पण जायचं कोणाविरुद्ध? नंबर उचलला जात नाही, पत्ता कधी नव्हताच. काढलेल्या स्प्रिंगा आणि पट्ट्या माझ्या अंगणात पडलेल्या असत्या, तर संध्याकाळी मोजल्या तरी चाराच्या जागी एकच तुटकी स्प्रिंग आहे आणि पट्ट्या चांगल्या आहेत, हे त्याच दिवशी कळलं असतं. ते पोत्यात गेलं तिथंच माझी बाजू संपली. आता घरात कोणीही काही दुरुस्त करायला आलं, अगदी पाण्याची मोटर असो की गॅसची शेगडी, मी आधीच सांगते की काढलेलं सगळं इथंच ठेवायचं, भंगार मी विकेन. सरळ माणसाला याचं काही वाटत नाही. मिस्त्रीकाकांनी तर न सांगता त्या स्प्रिंगा ओळीने पायरीवर मांडून ठेवल्या होत्या.

संक्रांतीला वाण द्यायला मागच्या गल्लीत गेले होते. तिथं एका जुन्या घराच्या शटरवर तेच पिवळं स्टिकर, अगदी नवंकोरं. मी हळदीकुंकवाचं ताट तसंच हातात धरून बेल वाजवली. काकू बाहेर आल्या. कालच काम झालं म्हणाल्या, फार हलकं झालंय बघ. मी विचारलं, काढलेलं सामान? त्यांनी जिन्याखाली बोट दाखवलं. टेम्पोत जागा नव्हती म्हणून एक पोतं मागं राहिलं होतं, ते आज संध्याकाळी न्यायला येणार होते. मी ताट खाली ठेवलं, ते पोतं आम्ही दोघींनी ओढत घरात घेतलं आणि काकूंनी आतून कडी लावली.