मुलाखत अर्धवट सोडावी की पूर्ण करून नकार कळवावा?

दीड तास ताटकळत ठेवलं, समोरच्याने बायोडेटा उघडलेलाही नाही आणि पहिलाच प्रश्न, "लग्न कधी करणार?" आता उठावं की बसावं?

वेळेचा हिशेब किरकोळ आहे. उठलात तर तासभर वाचतो, टाकलेली रजा मात्र गेलीच.

माहितीच्या बाबतीत बसून राहणं सरस. पहिल्या फेरीला बहुधा एचआर असतं, रोजचा साहेब वेगळाच. त्याला भेटायला मागा. जागा का रिकामी झाली, आधीचा माणूस किती टिकला, हे विचारा. टाळाटाळ झाली की निर्णय सोपा.

संबंध उठण्यानेच बिघडतात असं नाही, न सांगता गायब होण्याने बिघडतात. "ही जागा मला योग्य वाटत नाही, तुमचा वेळ घेत नाही," एवढं पुरे. व्हिजिटर पास परत करा, मुलाखत ठरवून देणाऱ्या कन्सल्टन्सीला त्याच दिवशी फोन करा. नाहीतर ती पुढचे कॉल देणार नाही. नंतर नकार द्यायचा तर २४ तासांत दोन ओळींचा मेल. कारणांचा पाढा नको.

पैशांचं डिपॉझिट, मूळ गुणपत्रिका ठेवून घेण्याची अट, अश्लील शेरे: तडक उठा. नुसता उशीर किंवा तुसडेपणा असेल आणि हातात दुसरी ऑफर नसेल, तर मुलाखत पूर्ण करा.