कमरेचा माइक: सात महिने, एक तुटलेली वायर आणि शब्दाच्या शेवटचा 'स'

"मॅडम, वॉरंटी मशीनला आहे, हेडसेटला नाही." विक्रेत्याच्या माणसाने हे वाक्य मला फोनवर चार वेळा ऐकवलं. मी तेव्हा कंबोडियात, बॅटमबँग प्रांतातल्या एका खेड्यातल्या प्राथमिक शाळेच्या व्हरांड्यात उभी होते आणि आत त्रेचाळीस मुलं माझी वाट बघत होती. हेडसेटची वायर पिनेपाशी तुटली होती. मशीन ठणठणीत होतं, पण हेडसेट नसेल तर त्या मशीनचं करायचं काय? मोटारीला वॉरंटी आहे पण किल्लीला नाही, असं कोणी म्हणालं तर आपण ऐकून घेऊ का? त्या दिवशी ठरवलं की या वस्तूबद्दल सविस्तर लिहायचं.

वस्तू तुम्हाला माहीत आहे. कमरेला पट्ट्याने बांधायचा छोटा स्पीकर आणि डोक्याला लावायचा वायरचा माइक. सहलीचे गाइड वापरतात, आता बरेच शिक्षकही वापरतात. मी १,६५० रुपयांना घेतला. दहा वॉट, अठराशे एमएएचची बॅटरी वगैरे खोक्यावर लिहिलेलं असतंच, ते परत सांगत बसत नाही.

घेण्याचं कारण गळा. एकतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं आणि निवृत्तीच्या आदल्या वर्षी डॉक्टरांनी स्वरतंतूंवर बारीक गाठी दाखवल्या. बाईच्या बोलण्यात स्वरतंतू सेकंदाला साधारण दोनशे वेळा एकमेकांवर आपटतात. तासभर सलग आवाज काढला तर हिशेब सात लाखांच्या वर जातो, आणि ओरडून बोललं की प्रत्येक आपट जोराची. कंबोडियात स्वयंसेवक म्हणून शिकवायला जायचं नक्की झालं तेव्हा सामानात पहिला हा माइक ठेवला. लिथियम बॅटरी असल्यामुळे तो चेक-इनच्या बॅगेत न टाकता हातातल्या बॅगेत घ्या, एवढं लक्षात असू द्या.

नोव्हेंबर ते जून, सात महिने तो रोज वापरला. रोज म्हणजे कसा, ते सांगते. पहाटे साडेपाचला उठायचं, सायकलने भातखाचरांच्या कडेने वीस मिनिटांवर शाळा. सात वाजता सकाळचं सत्र. पांढरे शर्ट, गडद निळ्या पँटी नाहीतर स्कर्ट अशी मुलं झेंड्यापुढे रांगेत. वर्गात शिरलं की सगळी उठून हात जोडतात आणि एका सुरात म्हणतात, "जुम रीप सुअ, नेआक क्रू." नेआक क्रू म्हणजे बाई. पुरुष असेल तर लोक क्रू. यातला क्रू म्हणजे आपला गुरू, हे पहिल्याच दिवशी कळलं आणि मी हरखून गेले. शाळेला साला म्हणतात, भाषेला फिएसा. त्यांची मुळाक्षरं भिंतीवर लावली होती, ती मुलांनी म्हणून दाखवली: कॉ, खॉ, को, खो, ङो. आपला क-वर्गच की! परक्या देशात आपल्याच बालवाडीत बसल्यासारखं वाटलं.

अकराला सकाळचं सत्र सुटतं, मुलं घरी जातात, शिक्षक झोळीत आडवे होतात. एक ते पाच दुपारचं सत्र, बहुतेक दुसरी मुलं. मी चौथी ते सहावीला शिकवत होते आणि वर्गात लोक क्रू, म्हणजे तिथले गुरुजी, नेहमी माझ्या सोबत असायचे. ही अट मीच घातली होती. बाहेरून आलेली बाई सहा-सात महिन्यांनी निघून जाते, पुढे शिकवणार तेच. दिवसाला चार-पाच तास माइक चालू असायचा. बॅटरी दुसऱ्या सत्राच्या शेवटापर्यंत टिकायची, रात्री चार्जिंगला लावायचा. बॅटरीबद्दल सात महिन्यांत एकदाही तक्रार नाही.

पहिले दोन महिने तर मी या माइकच्या प्रेमातच होते. गळा संध्याकाळी दुखेना. शेवटच्या बाकावरचं मूलही मान वर करून बघायचं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने खाली येतो. फळ्यापाशी उभं राहून सात मीटरवरच्या बाकापर्यंत पोचायचं तर एकतर ओरडा नाहीतर माइक लावा. तेव्हा हे लिहिलं असतं तर पाच तारे देऊन मोकळी झाले असते.

जानेवारीत मात्र एक गोष्ट खटकायला लागली आणि मग सुटेना. मुलांना शब्दाच्या शेवटचा 'स' येत नव्हता. 'आय लाइक राइस' हे वाक्य वर्गातून परत यायचं ते 'आय लाय राय' असं. 'हाउस'चं 'हाउ', 'नाइस'चं 'नाय', 'टू कॅट्स'चं 'टू कॅ'. इंग्रजीत हा शेवटचा 'स' गेला की अनेकवचन गेलं, 'ही ईट्स'मधलं क्रियापद गेलं, 'इट्स' आणि 'इट' यांतला फरक गेला. ख्मेर या कंबोडियाच्या भाषेत अनेकवचनाला किंवा काळाला शब्दाचं रूप बदलत नाही. त्यामुळे कानावर पडला नाही तर तो 'स' मुलांना सुचण्याचंही कारण नाही.

मी लोक क्रूंना विचारलं. त्यांनी फळ्यावर ख्मेरमध्ये एक शब्द लिहिला. शेवटचं अक्षर स्पष्ट 'स' होतं. मग वाचून दाखवला: "चाह." अर्थ म्हातारा किंवा जुना. लिहायचं 'चास', म्हणायचं 'चाह'. शब्दाच्या शेवटी आला की त्यांच्याकडे 'स'चा 'ह' होतो. मी खडू घेऊन शेजारी देवनागरीत 'रामस्' लिहिलं, त्याच्यापुढे 'रामः' लिहिलं आणि वाचून दाखवलं. संस्कृतातला विसर्ग! शेवटचा स् मोकळा सोडला की विसर्ग होतो, हे आठवीत पाठ केलेलं सूत्र मला बॅटमबँगच्या एका वर्गात जिवंत दिसलं. लोक क्रूंनाही फार आनंद झाला. ते दोन्ही शब्द त्यांनी आपल्या वहीत उतरवून घेतले.

म्हणजे मुलांची जीभ जड नव्हती, त्यांच्या भाषेची सवयच तशी. त्यावर उपाय एकच, 'स' खणखणीत ऐकवायचा. मी 'बुक्सssस', 'राइसssस' असं ओढून म्हणू लागले. तीन आठवडे केलं. फरक शून्य.

मग एक दिवस फोनवर रेकॉर्डिंग चालू करून फोन शेवटच्या बाकावर ठेवला आणि दुपारी झोळीत पडून ते ऐकलं. मी हादरले. स्पीकरमधून येणाऱ्या माझ्याच आवाजात 'स' नव्हता. 'हाउस'चं 'हाउह' ऐकू येत होतं. दोन महिने मुलं मी म्हणते तेच हुबेहूब परत म्हणत होती आणि मी त्यांना चूक म्हणत होते. त्या दुपारी मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी माइक काढून ठेवला, वर्गाला सांगितलं की चूक माझ्याकडून झाली होती, आणि लोक क्रूंनी ते ख्मेरमध्ये नीट समजावलं.

त्या आठवड्यात या माइकला मी एक तारा दिला असता. पण रागाने बाजूला ठेवण्याआधी पुन्हा पुन्हा रेकॉर्डिंग करून बघितलं आणि मत बदलावं लागलं. निम्मा दोष माझ्या वापराचा होता. स्पीकर कमरेला बांधून मी टेबलामागे उभी राहत होते. 'आ', 'ओ' यांचे जाड आवाज टेबलाला वळसा घालून मागे पोचतात. 'स'चा जोर चार हजार हर्ट्झच्या वर असतो, इतके बारीक आवाज सरळ रेषेत जातात आणि लाकडाच्या फळीला अडतात. म्हणजे मी 'स' टेबलाच्या मागच्या बाजूला ऐकवत होते! दुसरं, आवाजाचं बटण कायम शेवटपर्यंत फिरवलेलं. पूर्ण आवाजात हा छोटा स्पीकर फाटतो आणि फाटलेल्या आवाजात पहिला बळी 'स'चा जातो. तिसरं, माइकवरचा स्पंज. तिथल्या उकाड्यात तो अर्ध्या तासात घामाने ओला होतो, आणि ओला स्पंज बारीक आवाज पुढे जाऊच देत नाही.

स्पीकर गळ्यात अडकवून छातीवर घेतला तर शिट्टी मारायला लागला, कारण तो माइकच्या फार जवळ आला. आवाज निम्म्यावर आणला, माइक ओठांसमोरून काढून तोंडाच्या कोपऱ्याशी दोन बोटं अंतरावर ठेवला, शिट्टी थांबली. टेबल भिंतीला लावून टाकलं. दोन स्पंज आलटून पालटून, एक माइकवर आणि एक खिडकीत उन्हात. पुन्हा रेकॉर्डिंग केलं. 'राइस'मधला 'स' आला! फार स्वच्छ नाही, पण आला. फेब्रुवारीच्या शेवटी चौथीतल्या एका मुलीने 'थ्री बुक्स' म्हणताना 'स' इतका लांबवला की अख्खा वर्ग तिच्याकडे वळून बघायला लागला, आणि मग सगळेच तसं म्हणायला लागले.

खोक्यासोबतच्या माहितीपत्रकात यातलं एक अक्षर नाही. बटणांची चित्रं आहेत, गाणी कशी वाजवायची ते आहे. शिक्षकांसाठी म्हणून विकता, तर स्पीकर कुठे लावायचा आणि स्पंज कोरडा ठेवायचा हे दोन ओळींत लिहायला काय हरकत होती?

आता वायर. माझी मुख्य तक्रार हीच आहे. स्पीकर छातीवर घेतल्यामुळे वायर उरायला लागली, तिचा वेटोळा होऊन पिनेपाशी सतत वाकायची. तिथे वायरला रबराची टोपी अर्ध्या सेंटीमीटरची आहे. दिवसाला शेकडो वेळा फळ्याकडे वळणाऱ्या माणसाला ती कशी पुरेल? एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, नववर्षाच्या सुट्टीला थोडे दिवस असताना, आवाज येऊ-जाऊ लागला आणि दुसऱ्या तासाला बंदच पडला. मग विक्रेत्याला फोन. हेडसेटला वॉरंटी नाही, असं आधी. खरेदीच्या पावतीवर तसं कुठेही लिहिलेलं नाही हे दाखवल्यावर, मशीन आणि हेडसेट दोन्ही कुरियरने परत पाठवा, तपासून सांगतो. कंबोडियाहून कुरियरचा खर्च माइकच्या किमतीपेक्षा जास्त. नवा हेडसेट विकत पाठवा म्हटलं, तर तो सुटा मिळत नाही! चालू मशीन दोनशे रुपयांच्या वायरीसाठी टाकून द्यायचं, हे माझ्या तत्त्वात बसत नाही. मी त्या माणसाला तसं स्पष्ट सांगितलं आणि फोन ठेवला.

शनिवारी बॅटमबँगच्या बाजारात फोन दुरुस्त करणाऱ्या एका मुलाकडे गेले. त्याने तुटलेला भाग कापला, नवी पिन सोल्डरिंग करून लावली, वर काळी नळी तापवून घट्ट बसवली. वीस मिनिटं, ४,००० रिएल, म्हणजे साधारण एक डॉलर. ती पिन जून संपेपर्यंत हलली नाही. मूळ पिनेपेक्षा मजबूत निघाली.

मे महिन्यात पाऊस सुरू झाला आणि पत्र्याच्या छपराखाली हा माइक पूर्ण हरला. पत्र्यावरचा पाऊस म्हणजे स्वतःच एक लांबलचक 'सssस' असतो. बारीक आवाज नेमके त्याच्यात बुडतात, कितीही वॉट असले तरी. आवाज वाढवला की स्पीकर फाटायचा, आणि नकळत माझाही आवाज चढायचा. गोंगाटात माणूस आपोआप मोठ्याने बोलतो हे लोम्बार या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ मध्ये नोंदवलं होतं. माइक लावूनही गळा दुखायला लागला तेव्हा मी पावसात तो बंद ठेवायला सुरुवात केली. मुलांना फळ्याजवळ जमिनीवर बसवायचं, पाट्या काढायच्या, मी चित्र दाखवणार आणि ती शब्द लिहिणार. 'स' लिहिताना बोटाने हवेत वळण काढायची खूण ठरवली होती. पाऊस थांबेपर्यंत सगळा वर्ग न बोलता 'स' काढायचा. ते तास मला सर्वांत आवडले, आणि त्यात माइकचा काहीही वाटा नाही.

घ्यायचा का? गळ्याचा त्रास असेल तर घ्या, माझ्या गाठी वाढल्या नाहीत, परतल्यावर डॉक्टरांनी तपासून सांगितलं. पण हेडसेट सुटा मिळतो का हे आधी विचारा, नसेल तर दुसरा बघा. पिनेपाशी रबर लांब असलेला घ्या. वायरलेस घेऊ का, असं मला एकीने विचारलं. मी वापरलेला नाही, त्यामुळे त्याबद्दल सांगणार नाही. बाकी बॅटरी चार तारे, आवाज तीन, वायर शून्य.

निघताना माइक मी लोक क्रूंना देऊन आले. ते आता ख्मेरचे तासही त्यावरच घेतात. गेल्या आठवड्यात त्यांचा आवाजी निरोप आला, मागे वर्ग 'बॉक्सेस' म्हणत होता आणि मला दोन्ही 'स' ऐकू आले. स्पंज मात्र फाटलाय म्हणाले. मी चार स्पंज आणि त्याच मापाच्या पिनेचे दोन हेडसेट घेऊन ठेवले आहेत, वेगळ्या दुकानातून. कोणी बॅटमबँगकडे जाणार असेल आणि बॅगेत मूठभर जागा असेल, तर मला सांगा.