दुकानातील कॅमेऱ्यांची जोडणी: काम चोख, पण विश्वास गेला

आमच्या साड्यांच्या दुकानात ८ जण काम करतात, त्यांत ५ महिला आहेत. गल्ल्याचा हिशेब सलग दोन महिने जुळेना, म्हणून शहरातील एका कंपनीकडून मी ४ कॅमेरे, डीव्हीआर (चित्रण साठवणारे यंत्र) आणि १ टीबीची हार्ड डिस्क बसवून घेतली. जोडणीला नाव ठेवायला जागा नाही. वायरी पट्टीतून नीट नेल्या आहेत आणि साधारण १५ दिवसांचे फूटेज साठून राहते.

तक्रार वेगळीच आहे. ‘चोर सापडायचा असेल तर कॅमेरा दिसता कामा नये,’ असे म्हणत तंत्रज्ञाने भिंतीवरच्या घड्याळात दडवलेला कॅमेरा पुढे केला आणि तो मागच्या खोलीत लावण्याचा आग्रह धरला. त्या खोलीत मुली डबा खातात आणि दुकानाची साडी नेसतात, हे सांगूनही त्याचा आग्रह सुटेना. कपडे बदलणाऱ्या स्त्रीचे असे चोरून चित्रण करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे आणि पहिल्याच गुन्ह्याला किमान १ वर्षाची कैद आहे. हाच धंदा करणाऱ्याला हे ठाऊक नसेल, हे मला पटत नाही.

गल्ल्यावर तरी छुपा कॅमेरा ठेवावा का, हा प्रश्न माझ्याही मनात आला होता. स्पेनमधील एका सुपरमार्केटच्या अशाच प्रकरणात युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०१९ रोजी कर्मचाऱ्यांच्या खासगीपणाचा भंग झाला नसल्याचा निकाल दिला. मात्र तेथे चोरीचा सबळ संशय होता, छुप्या कॅमेऱ्यांचा रोख गल्ल्यांवर होता आणि चित्रण १० दिवसच चालले, शिवाय स्वच्छतागृह आणि कपडे बदलण्याची खोली यांसारख्या जागांना अधिक कडक संरक्षण हवे, असे न्यायालयाने त्याच निकालात बजावले. मी समोर दिसणारेच कॅमेरे घेतले आणि कोणत्या कॅमेऱ्यात काय दिसते, ते सर्वांना पडद्यावर दाखवले.

आठवड्याने, कॅमेरे फोनवर पाहण्याच्या ॲपमधील जोडलेल्या फोनांची यादी उघडली, तेव्हा माझ्याखेरीज आणखी एक फोन दिसला. तो तंत्रज्ञाचा होता. ‘देखभालीसाठी सगळ्याच गिऱ्हाइकांकडे ठेवतो,’ असे उत्तर मिळाले. ज्या मुलींना मी विश्वासात घेतले होते, त्यांना एक परका माणूस आठवडाभर घरबसल्या पाहू शकत होता, याचा मला फार त्रास झाला. तो फोन काढून टाकला, पासवर्ड बदलला आणि त्या संध्याकाळी दुकान वाढवण्यापूर्वी सर्वांना घडलेले सांगितले. वार्षिक देखभालीचा करार या कंपनीशी करणार नाही.