मच्छे ते वडगाव: फोनवरच्या मॅपच्या भरवशावर पावसाळ्यापासून शिमग्यापर्यंत

पुण्याला किंवा गोव्याला जाताना मॅप लावायचं, हे आता कुणाला सांगावं लागत नाही. मी लिहिते आहे ते बेळगावातल्या, दहा किलोमीटरच्या आतल्या, पाठ असलेल्या रस्त्याबद्दल. एवढ्याशा वाटेला मॅप कशाला, असं घरातही सगळ्यांचं म्हणणं होतं. पावसाळ्यापासून शिमग्यापर्यंत वापरल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. मॅप लागतं, पण ते ज्या कामासाठी आपण उघडतो त्या कामाला नव्हे.

आधी माझी गरज सांगते, कारण त्यावरच सगळं आहे. माझं सासर मच्छे, माहेर वडगाव. वडिलांना अर्धांगाचा झटका आला. आयुष्य मागावर गेलेला माणूस, आता डावा हात उचलत नाही. फिजिओथेरपीवाले संध्याकाळी सहाला घरी येतात आणि व्यायामाच्या वेळी त्यांना धरून उभं करायला दुसरं माणूस लागतं. आईच्यानं ते होत नाही, तिचेच गुडघे गेलेत. म्हणजे मला सहाच्या आत वडगावात असावंच लागतं. पावणेसहाला पोचले तर उत्तम, सहा वाजून दहा मिनिटांनी पोचले तर त्या दिवसाचा व्यायाम अर्धाच. थेरपीवाल्यांना पुढची घरं असतात, ते थांबू शकत नाहीत.

आता रस्ता. मच्छे रेल्वे रुळांच्या एका अंगाला, वडगाव दुसऱ्या. रूळ कुठेतरी ओलांडायचेच, आणि इथे रेल्वे फाटकांना पहिलं, दुसरं असं नंबरानं ‘गेट’ म्हणतात. पहिली वाट सरळ खानापूर रोडनं: पिरनवाडी, उद्यमबाग, तिसऱ्या गेटचा पूल, आरपीडी कॉर्नर, गोवावेस, मग शहापुरातून नाथ पै सर्कल आणि वडगाव. दुसरी उद्यमबागेतून चौथ्या गेटनं अनगोळात आणि तिथून वडगाव. तिसरी मागच्या बाजूनं, देसूर, राजहंसगडाच्या पायथ्यावरून येळ्ळूर आणि येळ्ळूर रोडनं खाली. ती लांब पडते, पण रिकामी असते.

मॅप उघडलं की ते बहुतेक वेळा चौथ्या गेटची वाट निळी करून दाखवतं. अंतर कमी, मिनिटं कमी. गेट उघडं असेल तर ते खरंही आहे. अडचण गेट पडल्यावर. बेळगावहून खानापूर, लोंढा, हुबळी, बंगळूर, गोवा, कुठेही जाणारी रेल्वेगाडी या गेटांवरूनच जाते. आता रेल्वेचा दुपदरी मार्ग झाल्यामुळे एक गाडी गेली तरी कधी कधी गेट उघडत नाही, समोरून दुसरी येत असते. मॅपला हे आधी कळत नाही. ते रस्त्यावरच्या लोकांच्या फोनवरून वेग काढतं, म्हणजे वीस-पंचवीस गाड्या गेटासमोर अडकून थांबल्यावर त्याला लाल रेघ दिसते. तोवर आपणही त्या रांगेत असतो, मागे रिक्षा, पुढे टेम्पो, वळायला जागा नाही. आणि आपण तिथे पोचेपर्यंत गेट उघडणार की नाही, हे त्या लाल रेघेवरून कळत नाही.

यावर मला सापडलेला उपाय मॅपमधला नाही, कुठली गाडी कुठवर आली ते सांगणाऱ्या रेल्वेच्या एनटीईएस अॅपमधला आहे. घरातून निघायच्या आधी बेळगाव स्टेशनवरची येणारी-जाणारी गाड्यांची यादी बघायची. खानापूरकडून येणारी गाडी खानापूर सोडून निघाली असेल, किंवा बेळगावहून सुटणारी फलाटावर उभी असेल, तर चौथ्या गेटचं नाव काढायचं नाही, सरळ तिसऱ्या गेटच्या पुलावरून जायचं. मालगाडी त्यात दिसत नाही, ती एक जोखीम राहतेच. तरीही बघायला अर्धं मिनिट लागतं आणि एवढ्यानं माझे बरेच खोळंबे टळले. घरातून फोन करून आई आता विचारते ती हेच, ‘‘गेट बघितलंस काय गं?’’

मॅपचे मिनिटांचे आकडे कसे वाचायचे, हे शिकायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. लांबच्या प्रवासात दहा मिनिटं इकडेतिकडे झाली तर कुणाला कळतही नाही. जवळच्या वाटेवर मॅप एका रस्त्याला 21 आणि दुसऱ्याला 24 मिनिटं दाखवतं आणि आपण 21 वाला घेतो. पण त्या तीन मिनिटांना काही अर्थ नसतो. अर्थ याला आहे की तो 21 चा रस्ता वाईट दिवशी किती होतो. चौथ्या गेटची वाट चांगल्या दिवशी सगळ्यात जवळची आणि वाईट दिवशी सगळ्यात वाईट. खानापूर रोडची वाट नेहमीच थोडी जास्त, पण ती फार बिघडत नाही. गोवावेसला आणि नाथ पै सर्कलला थांबावं लागतं, पण ते किती हे माहीत असतं. ज्याला वेळेवर पोचायचंच आहे त्यानं रोज साधारण सारखाच वेळ घेणारा रस्ता धरावा. मॅपमध्ये तसा पर्याय नाही. त्यात लवकरचा आहे, जवळचा आहे, कमी पेट्रोलचा आहे, पण भरवशाचा नाही. मला ही त्यातली सगळ्यात मोठी उणीव वाटते.

एक सोय मात्र फार कामाची निघाली. निघायची वेळ न टाकता पोचायची वेळ टाकता येते. संध्याकाळचे पावणेसहा टाकले की कधी निघावं ते सांगतं, आणि एकच आकडा न सांगता ‘इतकी ते इतकी मिनिटं’ असं सांगतं. त्यातला मोठा आकडा खरा धरायचा. उद्यमबागेतले कारखाने सुटायची वेळ आणि ही माझी वेळ एकच, सायकली, दुचाक्या, कंपन्यांच्या बस सगळं एकदम रस्त्यावर येतं, आणि ते या आकड्यात बऱ्यापैकी उतरलेलं असतं. शनिवारीही फरक दिसतो. बेळगावचा बाजार शनिवारी, त्यामुळे शहापूरकडची वाट जास्त वेळ दाखवते आणि ते बरोबर निघतं.

जे बरोबर निघत नाही ते आपल्याकडचे सण. आषाढात वडगावला मंगाई देवीची जत्रा असते. मंगळवारी तर गावात गाडी घालायची सोयच नसते, पोलीस लांबूनच वळवतात. मॅप मात्र थेट देवळाच्या रस्त्यानं घरापर्यंत नेत होतं. गणपतीतही तेच, विसर्जनाच्या मिरवणुकीचा मार्ग त्याला माहीत नसतो. शिवजयंतीच्या चित्ररथांच्या वेळी यंदाही तसंच होईल असं धरून चालले आहे. अशा दिवशी गल्लीतल्या माणसाला फोन करणं हाच मार्ग. मी माहेरच्या शेजारच्या काकूंना विचारते, त्या खिडकीतून बघून सांगतात.

पावसाळ्याबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं. येळ्ळूर रोड बळ्ळारी नाल्याजवळून जातो. मोठा पाऊस झाला की नाला फुगून शिवारात पसरतो आणि वडगाव, अनगोळ, येळ्ळूर भागातली भातं पाण्याखाली जातात. दरवर्षीचं आहे हे. अशाच एका संध्याकाळी गेट पडलेलं असणार म्हणून मी येळ्ळूरची वाट धरली होती. मॅपवर रस्ता स्वच्छ निळा, कुठे लाल-पिवळं काही नाही. नसणारच, कारण त्या रस्त्यावर कुणी गाडीच घालत नव्हतं. बांधावर घोंगडं पांघरून उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं हात आडवा केला. ‘‘फुडं पाणी आलंय ताई, गाडी घालू नकासा.’’ त्याच्या मागं भाताची रोपं शेंड्यापर्यंत बुडालेली होती, आणि तो स्वतःचं शिवार सोडून रस्त्यावरच्या गाड्या अडवत उभा होता. ते लगेच अॅपमध्ये ‘रस्ता बंद’ म्हणून कळवलं. माझी सगळ्यांना विनंती आहे, असं काही दिसलं की थांबून कळवा. मोठ्या शहरात कुणी तरी कळवतंच, आपल्याकडे आपणच कळवलं तर कळणार.

भात कापणीनंतर तोच रस्ता वेगळा असतो. सुगीत लोक रस्त्यावर भात आणि पिंजर, म्हणजे भाताचा पेंढा, पसरतात. मळायला, वाळवायला दुसरी जागा नाही त्यांना, त्यामुळे तक्रार नाही, पण सावकाश जावं लागतं. पिंजर गाडीखाली अडकून चाकांना गुंडाळलं जातं. शिवाय कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की खानापूर रोडला उसाचे ट्रॅक्टर. दोन दोन ट्रॉल्या, मागं लाल दिवा नाही की रेडियम नाही. परतीचा प्रवास माझा रात्री आठच्या पुढं असतो, म्हणून त्या महिन्यांत मॅपनं कितीही मागची वाट दाखवली तरी मी दिवे असलेल्या रस्त्यानंच येते. हेही मॅप विचारत नाही: अंधार आहे का, बाई एकटी आहे का, रस्त्याला वस्ती आहे का.

हलगा-मच्छे बायपासबद्दल काहींनी मला विचारलं. तो पूर्ण चालू झाला तर माझ्यासारखीला उपयोग होईल, हे खरं आहे. पण तो ज्या वावरांतून काढला आहे त्यात बासमती पिकतं, आणि त्या शेतकऱ्यांनी त्यासाठी रस्त्यावर आणि कोर्टात वर्षानुवर्षं झगडा दिला आहे. माझी दहा मिनिटं वाचावीत म्हणून कुणाचं पिकतं शेत जावं, असं मला वाटत नाही. मॅपमधला सल्ला एवढाच: अर्धवट कामाच्या पट्ट्यावर किंवा शेतातल्या वाटेवर निळी रेघ गेली तरी गाडी घालू नका. काळी माती पाण्यानं भिजली की चाक जागेवरच फिरतं.

तिसऱ्या गेटच्या पुलाजवळ बाण गोंधळतो, हे नवीन माणसानं लक्षात ठेवावं. मोकळ्या आभाळाखाली फोनला आपली जागा साधारण 5 मीटरच्या फरकानं कळते, पण आपण पुलावर आहोत की पुलाच्या बाजूनं खालून चाललोय, हे तेवढ्यात नीट कळत नाही. मग ते नको तिथे वळायला सांगतं. पुलाआधी आवाज बंद करा आणि फलक बघून चला. येळ्ळूर-देसूरकडे माझ्या फोनला रेंजही अधूनमधून जाते, त्यासाठी बेळगाव तालुक्याचा नकाशा आधीच उतरवून ठेवलेला बरा. तो उतरवलेला असला की वाट दिसत राहते, गर्दी तेवढी दिसत नाही.

आता माझी रोजची पद्धत अशी आहे. दुपारी डबा भरताना पोचायची वेळ टाकून मॅप बघते. निघताना एनटीईएस बघते. गाडी जवळ असेल तर पूल, नसेल तर चौथं गेट. पाऊस असेल तर येळ्ळूर रोड नाही. काही सण असेल तर काकूंना फोन. एवढं केल्यापासून थेरपीच्या वेळेला मी घरी असते, आणि वडील आता भिंतीला धरून उंबऱ्यापर्यंत येतात. उद्यमबागेत कामाला जाणाऱ्या वडगाव-अनगोळच्या लोकांना सकाळी हीच वाट उलटी करायची असते. त्यांनी बंगळूरहून सकाळी येणारी राणी चन्नम्मा एक्स्प्रेस कुठवर आली आहे तेवढं बघून घरातून निघावं.