फर्नेस फिल्टर १६x२५x१: मर्व १३ काढून मर्व ११ लावला, आता समाधान आहे

आमचं घर शिकागोजवळ नेपरविलला, बेसमेंटमधे जुना गॅस फर्नेस, म्हणजे हवा तापवून घरभर सोडणारं यंत्र, आणि त्यात फिल्टरची खाच फक्त १ इंचाची. घर घेतलं तेव्हा त्यात आरपार दिसणारा स्वस्तातला फायबरग्लासचा फिल्टर होता, तो फक्त ब्लोअरला म्हणजे आतल्या पंख्याला मोठ्या कचऱ्यापासून वाचवतो, आपल्या फुप्फुसांना त्याचा काही उपयोग नाही. मग जून २०२३ मधे कॅनडाच्या वणव्यांचा धूर इकडे आला, मुलाला दमा आहे त्यामुळे मी सरळ दुकानात जाऊन सगळ्यात मोठ्या आकड्याचा म्हणजे मर्व १३ चा उचलून आणला (मर्व हा फिल्टर किती बारीक कण पकडतो ते सांगणारा आकडा, जितका मोठा तितका बारीक).

उन्हाळा निघाला. जानेवारीत बाहेर उणे १८ सेल्सिअस असताना फर्नेस पाच मिनिटं चालायचा, बर्नर विझायचे, पंखा नुसता फिरत राहायचा आणि थोड्या वेळाने परत तेच. फर्नेसच गेला असं वाटून मी घाबरले. टेक्निशियनने आल्या आल्या आधी फिल्टर बाहेर ओढला आणि फर्नेस नीट चालायला लागला! दोनच महिन्यांपूर्वी घातलेला मर्व १३ राखाडी झाला होता, हवाच पुरत नव्हती, आतला हीट एक्स्चेंजर (ज्वाळांची उष्णता हवेला देणारा भाग) जास्त तापला की सेफ्टीचा लिमिट स्विच गॅस बंद करत होता. उन्हाळ्यात हवा अशी अडली तर एसीच्या कॉइलवर बर्फ धरतो असंही त्याने सांगितलं.

फिल्टर वाईट नव्हता हे मुद्दाम सांगते. मर्व १३ हा ०.३ ते १ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) निदान निम्मे कण पकडतो, धुराचे कण त्यातलेच, मर्व ११ ला तिथे निदान २० टक्केच जमतं. पण १ इंचात फिल्टरच्या कापडाच्या घड्यांना जागा किती मिळणार, कापड दाट आणि क्षेत्रफळ कमी, त्यात आमचा जुना ब्लोअर. तोच मर्व १३ चार इंची जाडीत असता तर घड्या खोल असल्याने हवा आरामात गेली असती. पण त्यासाठी डक्ट कापून वेगळी कॅबिनेट बसवावी लागते, ते आम्ही नवीन फर्नेस घेऊ तेव्हाच करणार. ज्यांच्याकडे ती आहे त्यांनी बिनधास्त १३ घ्या, सहा ते बारा महिने बघायला नको.

सध्या मर्व ११ आहे. १ ते ३ मायक्रॉनचे निदान ६५ टक्के आणि त्याहून मोठे ८५ टक्के कण अडवतो, परागकण आणि धूळ त्यातच येतात, सकाळी उठल्यावर मुलाच्या शिंका खरंच कमी झाल्यात. हा पूर्ण हिवाळा फर्नेस एकदाही बंद पडला नाही. धुराच्या दिवसांसाठी मुलाच्या खोलीत वेगळा हेपा प्युरिफायर (अगदी बारीक कण पकडणारं हवा शुद्ध करायचं यंत्र) ठेवलाय, सगळा भार फर्नेसवर टाकायचा नाही.

घेताना आकड्यांचा फार गोंधळ होतो, फिल्ट्रीट या ब्रँडवर मर्वऐवजी त्यांचा स्वतःचा एमपीआर आकडा असतो, होम डेपो या दुकानात त्यांचा एफपीआर. १९०० एमपीआर म्हणजे मर्व १३ आणि १००० म्हणजे मर्व ११, बहुतेक खोक्यांवर बारीक अक्षरात मर्व लिहिलेला असतो तोच बघा. आणि टेपने मोजून १५ पॉइंट काहीतरी आलं म्हणून बिचकू नका, १६x२५ हे नावाचं माप, खरा फिल्टर थोडा लहानच असतो. जुन्याच्या कडेवर छापलेलं माप घेऊन जा. बसवताना बाण फर्नेसच्या दिशेला.

एक आपल्या घरांसाठी. फिल्टर पंखा चालू असेल तेव्हाच काम करतो, म्हणून मासे तळताना किंवा मिरचीची फोडणी असली की मी थर्मोस्टॅटवर पंखा ऑटोवरून ऑनवर टाकते आणि बाहेर हवा फेकणारी चिमणीही लावते. वास मात्र साध्या फिल्टरने जात नाही. तसं रोजचं तळण असेल तर खोक्यावर तीन महिने लिहिलंय म्हणून थांबू नका, आमच्याकडे सहा आठवड्यातच तो काळपट होतो, मी दर महिन्याच्या एक तारखेला काढून उजेडात धरून बघते.