उरलेल्या हाडांचा स्टॉक: कुकर की पातेले?

भाजलेल्या कोंबडीचे मांस काढून घेतल्यावर उरणारा सांगाडा, मान आणि पंखांची टोके यांचा स्टॉक, म्हणजे हाडे पाण्यात उकळून गाळलेला अर्क, करायचा ठरले की पहिला निर्णय भांड्याचा असतो, आणि पुण्यातील बहुतेक घरांत तो प्रेशर कुकर आणि जाड बुडाचे पातेले या दोहोंतच करावा लागतो.

दोन्हींत घडते ते एकच. सांधे, कूर्चा आणि कातडी यांतील कोलॅजन या प्रथिनाचे उष्णतेने जिलेटिन, म्हणजे थंड झाल्यावर थिजणारा पदार्थ, होतो, म्हणूनच चांगला स्टॉक फ्रिजमध्ये थिजतो. फरक तापमानाचा आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवरच्या पुण्यात पाणी साधारण ९८ अंश सेल्सिअसला उकळते. कुकरमध्ये पूर्ण दाब आल्यावर तापमान १२० अंशांच्या आसपास जाते. त्यामुळे पातेल्यात मंद आचेवर ३ ते ४ तास घेणारे काम कुकरमध्ये पाऊण तासात होते, आणि सिलिंडरच्या हिशेबात हा फरक लहान नाही.

कुकरमधला स्टॉक गढूळ होतो, हा आक्षेप खरा आहे. मात्र त्याचे कारण शिट्ट्यांत आहे. प्रत्येक शिट्टीला दाब एकदम उतरतो, आतले पाणी खळखळते आणि चरबीचे बारीक कण त्यात मिसळून जातात. पहिल्या शिट्टीनंतर दुसरी होणारच नाही इतकी आच मंद ठेवली, कुकर अर्ध्याहून अधिक भरला नाही आणि शेवटी वाफ हाताने न सोडता दाब आपोआप उतरू दिला, तर गाळलेला स्टॉक पुरेसा स्वच्छ निघतो.

पातेल्याचे बळ कच्च्या हाडांच्या वेळी दिसते. कॅम्पातील शिवाजी मार्केटमधून किंवा जवळच्या चिकनच्या दुकानातून आणलेल्या पाठीच्या हाडांवर उकळताना भरपूर फेस येतो. तो सतत काढता येतो, मधून चव पाहता येते आणि शेवटी झाकण काढून स्टॉक आटवता येतो. अळणीसारखे नितळ सूप प्यायचे असेल तर पातेल्याला पर्याय नाही.

उरलेल्या, शिजलेल्या हाडांसाठी मात्र मी कुकरच निवडेन. त्यांचा फेस फारसा येत नाही आणि भाजल्याचा खमंगपणा त्यांत आधीच मुरलेला असतो. उणीव असते ती जिलेटिनची; सोबत कोंबडीचे दोन-तीन कच्चे पाय नखे काढून घातले की तीही भरून निघते. तंदूरी कोंबडीची हाडे आधी धुऊन घ्यावीत, कारण मसाल्याचा आंबटपणा सूपमध्ये उतरतो. रश्शातली हाडे यासाठी घेऊ नयेत. ताटात उष्टी झालेली हाडे वापरायला अनेकांचे मन धजत नाही आणि ते योग्यच आहे. मांस वाढण्यापूर्वीच सोडवून हाडे बाजूला काढणे उत्तम.

भांडे कोणतेही असो, स्टॉक रात्रभर ओट्यावर राहू देऊ नये, एप्रिल-मेच्या पुण्यात तर मुळीच नाही. तो गाळून उथळ भांड्यात निववावा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा. तेथे तो ३ ते ४ दिवस, तर फ्रीझरमध्ये २ ते ३ महिने चांगला राहतो. वापरताना पुन्हा खळखळून उकळावा. मीठ सूप करतानाच घालावे, कारण आधी खारवलेला स्टॉक आटल्यावर पुलावालाही चालत नाही.