बायफोकल कॉम्प्युटर सायन्स: दीड वर्ष फी भरल्यानंतर

अकरावी-बारावी सायन्सला बायफोकल, म्हणजे दोनशे मार्कांचा व्यावसायिक विषय, घ्यावं का, हा प्रश्न दहावीचा निकाल लागला की नातेवाइकांच्या ग्रुपवर हमखास येतो. उत्तरं देतात ते ज्यांच्या घरात बायफोकलचं कुणीच नाही असे काका-मामा. आमच्या घरात आहे. मुलगी बारावीला, सोलापुरातल्या एका अनुदानित कॉलेजात. नाव देत नाही, प्रॅक्टिकलचे मार्क अजून पडायचेत.

दोनशे मार्कांचा हिशोब तुम्हाला माहीतच असेल. दुसरी भाषा आणि बायोलॉजी सोडायची, बदल्यात दोन पेपर, प्रत्येकी ५० लेखी आणि ५० प्रॅक्टिकल. म्हणजे शंभर मार्क नुसते प्रॅक्टिकलचे. आम्ही घेतलं ते त्या शंभरावर डोळा ठेवूनच, खोटं कशाला बोला. बायोलॉजी गेली म्हणजे नीटचा थेट रस्ता बंद, पण तिला रक्त बघूनच भोवळ येते. इंजिनिअरिंगच्या सीईटीला पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) पुरतं.

बाकीच्या विभागांचं थोडक्यात सांगतो. फिजिक्स, केमिस्ट्रीचे तास वेळापत्रकावर आहेत, वर्गात पोरं नाहीत, सगळी क्लासला. हजेरी कशी भरते ते विचारू नये. टायट्रेशन मात्र अगदी नीट करून घेतात, ब्युरेटचं रीडिंग चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून. मॅथ्सचे सर झकास. सीईटीत मॅथ्सचा प्रत्येक प्रश्न दोन मार्कांचा, निगेटिव्ह मार्किंग नाही, हे ते पहिल्या तासाला सांगतात आणि नंतर वर्षभर सांगत राहतात. सायन्सची मुलं एकतर बायफोकल घेतात नाहीतर आयटी (इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी), दोन्हींत दुसरी भाषा सुटते, त्यामुळे मराठीच्या मॅडमकडे सायन्सचा म्हणून मूठभर पोरांचा वर्ग उरलाय. २७ फेब्रुवारीला मात्र फलक लिहायला सगळ्यांना त्यांचीच आठवण होते.

आता मूळ मुद्दा, ८०८५.

बारावीच्या दुसऱ्या पेपरात हा मायक्रोप्रोसेसर आहे, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू असणारी चिप. इंटेलने तो १९७६ साली आणला, माझ्या जन्माच्या आधी. शेजारच्या वर्गात आयटीची पोरं शंभर मार्कांच्या विषयात वेबसाइटसाठी लागणारं जावास्क्रिप्ट, पीएचपी, एसईओ शिकतात. आमची कन्या जादा फी भरून आठ बिटांच्या, चाळीस पायांच्या चिपचं चित्र काढते. पहिल्या टर्ममध्ये कुणीही विचारलं की मी एकच सांगायचो: आयटी घ्या, पैसे वाचवा.

मग दिवाळीनंतर किट बंद पडले. किट म्हणजे ८०८५ बसवलेली ती हिरवी पाटी, वर हेक्स (सोळाच्या पटीत मोजायच्या आकड्यांचा) कीपॅड आणि लाल आकड्यांचा डिस्प्ले. लॅबमध्ये चार होते, चालू राहिला एक. पोरांची रांग, प्रत्येकाला पाच-सात मिनिटं, आणि जर्नलमध्ये आउटपुट शेजाऱ्याचं बघून लिहायचं. फीच्या पावतीवर 'प्रयोगशाळा देखभाल' अशी वेगळी ओळ आहे. ती पावती खिशात घालून मी कॉलेजात गेलो.

ऑफिसने लॅबमध्ये पाठवलं. लॅब असिस्टंट म्हणाले, "साहेब, कोटेशन मागवलंय." नक्की बिघडलंय काय, हे विचारल्यावर त्यांनी एका किटचं बटण दाबून दाखवलं. रीसेटचं बटण आत रुतून बसलेलं. दोन-चार रुपयांचा पुश स्विच! मोबाइल रिपेअरवाला चहा गार व्हायच्या आत बसवून देईल. बाकी दोन किटना काय झालंय ते त्यांनाही सांगता येईना.

माझा आवाज चढायला लागलेला पाहून पोरीने मला चालू किटजवळ ओढलं. "बाबा, इकडे बघा आधी." तिने आकडे टाकायला घेतले. ३ई, ०९, म्हणजे नऊ घे. ०६, ०८, म्हणजे आठ घे. मग ८०, म्हणजे बेरीज कर. मग ३२, ५०, सी०, म्हणजे उत्तर मेमरीत सी०५० या पत्त्यावर ठेव. पत्ता टाकताना उलटा, आधी ५०, मग सी०. शेवटी ७६, थांब. नऊ बाइटचा अख्खा प्रोग्रॅम, पडद्यावर एक शब्द इंग्रजी नाही. चालवला आणि सी०५० वर आकडा आला ११.

नऊ अधिक आठ अकरा? मी म्हटलं, हाही किट गेला.

"हेक्समध्ये आहे ते. सोळा आणि एक," ती म्हणाली. मग बोटावर मोजून दाखवलं, नऊनंतर ए, बी, सी. पीएचपीवाल्या भाच्याला घरी येऊन हेच विचारलं, त्याला सांगता आलं नाही. आकडा कुठे बसतो, कोण उचलतो, हे तिला कळलंय. पाठ केलेलं नाही ते. तेव्हापासून ८०८५ जुना आहे म्हणून नावं ठेवणं मी सोडलं. अभ्यासक्रमाला चार पैकी तीन मार्क.

कॉलेजला मात्र एकच. मी म्हटलं, बटण मी आणून देतो. ऑफिसमधून उत्तर आलं, तशी वस्तू घेता येत नाही, देणगीची पावती फाडावी लागेल, कमीत कमी पाचशेची. चार रुपयांच्या बटणाला पाचशे! पावती फाडली नाही, फाडणारही नाही.

घरी जुन्या लॅपटॉपवर फुकटचा ८०८५ सिम्युलेटर, म्हणजे किटची नक्कल करणारं सॉफ्टवेअर, टाकून दिलाय. तिथे रजिस्टरमध्ये, म्हणजे चिपच्या आतल्या आकडे ठेवायच्या खणांत, काय चाललंय ते किटपेक्षा स्वच्छ दिसतं, फक्त बोटांना हेक्स कीपॅडची सवय होत नाही. तिच्या दोन मैत्रिणीही येऊन बसतात, चहा-पोहे आमच्याकडचे.

तर कुणाला घ्यायचंच असेल तर घ्या, विषय चांगला आहे. पण ॲडमिशन नक्की करण्याआधी लॅबमध्ये जा, किट किती आहेत हे विचारू नका, ते चार सांगतील. चालू करून दाखवा म्हणा. रीसेट दाबून बघा.